लिफाफ्यावरचे नाव

आमच्या खेड-दापोलीच्या पट्ट्यात लोकांची पत्रे वाचून देणे हे मास्तरकीचेच एक अंग होते. 1973 नंतर आखातात तेलाचा पैसा वाढला आणि गावोगावची तरुण पोरे कुवेत, दुबई, दमामच्या वाटेला लागली. मागे राहिल्या आया, बायका आणि बहिणी. त्यांच्यातल्या अनेकींना अक्षरओळख होती ती कुराणशरीफच्या अरबी लिपीची, देवनागरी जेमतेम. शाळा सुटून आम्ही घरी यावे तर निळे हवाई पत्र पदराखाली धरून कोणीतरी ओट्यावर बसलेलेच असे. पत्र कोणाचे हे मात्र त्यांना आम्ही सांगावे लागत नसे. अक्षराचे वळण ओळखीचे, तिकीट ओळखीचे, आणि पोस्टमनने दारातूनच नाव पुकारलेले. कधी पत्राऐवजी कॅसेट येई, मग तर वाचायचेही काम नाही. टेपरेकॉर्डरभोवती सगळे घर गोळा व्हायचे आणि आम्हाला चहा मिळायचा.

पुढे पत्रे गेली, तालुक्याला सायबर कॅफे आले, ते गेले आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला. आम्हीही निवृत्त झालो. वाचून द्यायचे काम मात्र सुटले नाही. फरक एवढाच की पूर्वी ‘सर, काय लिहिलंय?’ असे विचारत, आता ‘सर, हे खरं का?’ असे विचारतात. या दुसऱ्या प्रश्नाने आम्हाला या वयात पुन्हा विद्यार्थी केले. ईमेल कशी चालते, पासवर्ड कसा चोरीला जातो, हे आम्ही हौसेने शिकलो नाही. ओट्यावर बसलेल्या माणसाला उत्तर देणे भाग होते म्हणून शिकलो.

2023 च्या पावसाळ्यात आमची धाकटी बहीण आली. तिच्या मुलाने लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केलेला, तालुक्याच्या एका लॅबमध्ये महिना 11 हजारांवर काम करत होता. त्याला आखातातल्या एका मोठ्या इस्पितळाची नोकरी लागली होती. पत्र ईमेलने आले होते. पगार इथल्या दहापट, राहणे-खाणे फुकट, दोन वर्षांनी तिकीट. बहीण हे खरे की खोटे विचारायला आलीच नव्हती. तिला एवढेच हवे होते, की सोने तारण ठेवायला आम्ही तिच्याबरोबर बँकेत यावे. व्हिसाच्या कामासाठी 48,500 रुपये भरायचे होते आणि हातात एक दिवस होता. बांगड्या तिने रुमालात बांधून आणल्याच होत्या.

आम्ही म्हटले, पत्र तर बघू.

पत्र छान होते. वर इस्पितळाचे बोधचिन्ह, खाली सही-शिक्का, मध्ये अरबी आणि इंग्रजी मजकूर. अशा पत्रांत व्याकरणाच्या चुका असतात, त्यावरून ओळखा, असे सांगायची पूर्वी पद्धत होती. तो काळ गेला. आता यंत्राकडून कोणीही शुद्ध इंग्रजी लिहून घेतो, आणि खऱ्या कचेरीची पत्रे मात्र अशुद्ध येतात. आम्ही मजकूर बाजूला ठेवला आणि लिफाफा पाहिला.

ईमेलचा लिफाफा म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता. मोबाइलवर तो दिसत नाही, दिसते ते फक्त नाव. त्या नावावर बोट दाबले की पत्ता उघडतो. आता हे नाव कोणीही काहीही लावू शकतो, जसे लिफाफ्याच्या मागे ‘प्रेषक’ म्हणून आम्ही जिल्हाधिकाऱ्यांचे नाव लिहिले तरी पोस्ट खाते ते पत्र पोचवणारच. ईमेलचा जन्मच अशा भरवशात झाला आहे. 1971 मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्यावर पहिला निरोप धाडला आणि माणसाचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये ‘ॲट’ची ती गोल खूण घातली. तेव्हा या जाळ्यावर होती ती मोजकी संशोधनाची ठिकाणे, सगळे एकमेकांच्या ओळखीचे. 1982 मध्ये पत्र पोचवण्याचे जे नियम ठरले, त्यांतही पाठवणारा खरेच तो आहे का हे तपासायची सोय नव्हती. कोणाला वाटले असेल की ही खूण उद्या बहिणीच्या बांगड्यांपर्यंत येईल? गेल्या वीसेक वर्षांत तपासण्या जोडल्या गेल्या. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूने घाऊक पत्रे पाठवणाऱ्यांवर त्या सक्तीच्याही केल्या. पण या तपासण्या एवढेच सांगतात, की पत्र ज्या पत्त्यावरून आल्याचे दिसते त्याच पत्त्यावरून आले. तो पत्ताच चोराने इस्पितळासारखा दिसणारा विकत घेतला असेल तर सगळ्या तपासण्या बिनबोभाट पार पडतात.

इथे तसेच होते. पत्ता कसा वाचायचा हे भाच्याला सांगायला आम्हाला अर्धा तास लागला, आणि तो आमच्यापेक्षा दहापट वेगाने मोबाइल चालवतो. मराठी-इंग्रजी वाचणारा माणूस डावीकडून वाचतो आणि ओळखीचे नाव दिसले की थांबतो. वेबसाइटच्या पत्त्याचा मालक कळतो तो उजवीकडून वाचल्यावर. समजा ‘इस्पितळ डॉट कॉम’ हा खरा पत्ता. मग ‘भरती डॉट इस्पितळ डॉट कॉम’ हाही त्याच इस्पितळाचा, कारण शेवटच्या दोन शब्दांत त्याचेच नाव आहे. पण ‘इस्पितळ डॉट कॉम डॉट भरती डॉट नेट’ हा कोणा भरती डॉट नेटवाल्याचा. पुढे इस्पितळाचे नाव नुसते टांगलेले. ‘इस्पितळ आडवी रेघ जॉब्स डॉट कॉम’ हा तर आणखी तिसऱ्याचाच. उर्दू उजवीकडून वाचणाऱ्या आमच्या अब्बांना हे चटकन समजले असते, असे आम्हाला उगीच वाटून गेले. आपल्याकडे शेवटी ‘डॉट इन’ आले तर काही वेळा एक पायरी आणखी डावीकडे जावे लागते. सरकारी पत्ता ‘डॉट गव्ह डॉट इन’ नाहीतर ‘डॉट एनआयसी डॉट इन’ असतो. बँकांना रिझर्व्ह बँकेने ‘डॉट बँक डॉट इन’ अशा पत्त्यावर जायला सांगितले आणि त्यासाठी 31 ऑक्टोबर 2025 ही मुदत दिली. ही शेपटी वाटेल त्याला मिळत नाही, म्हणून तिचा उपयोग.

भाच्याच्या पत्रातला पत्ता आडव्या रेघेचा होता. पैसे भरायचे खाते कोणा व्यक्तीचे, आपल्याच देशातले, साधे बचत खाते. मुलाखत झालीच नव्हती. रोज दुसऱ्याच्या शरीरातले रक्त काढणाऱ्या माणसाला कोणते इस्पितळ न बघता ठेवून घेईल?

‘मामू, तुम्हाला कोणावरच भरोसा नाही,’ भाचा म्हणाला. ‘आता सगळं ऑनलाइनच असतं.’

आम्ही वाद घातला नाही. एवढेच सुचवले, की या पत्रातली कोणतीही कडी न दाबता इस्पितळाची वेबसाइट आपण वेगळी शोधू आणि तिथे दिलेल्या पत्त्यावर विचारू. त्याने विचारले. उत्तर यायला चार दिवस लागले. तोवर एका दिवसाची मुदत केव्हाच उलटून गेली होती आणि बहीण आमचा फोन घेत नव्हती. त्या चार दिवसांत त्या ‘व्हिसा अधिकाऱ्या’ची मात्र तीन पत्रे आली. 48,500 चे 30,000 झाले, मग 20,000. सरकारी फीमध्ये अशी घासाघीस आम्ही जन्मात पाहिली नव्हती. चौथ्या दिवशी इस्पितळाचे दोन ओळींचे उत्तर आले: आम्ही उमेदवारांकडून पैसे घेत नाही, हे पत्र आमचे नाही.

परदेशी नोकरीला माणसे पाठवायला 1983 च्या कायद्याप्रमाणे एजंटाला सरकारकडे नोंदणी करावी लागते, आणि नोंदणी झालेला एजंट कोण हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते. त्याने उमेदवाराकडून घ्यायची कमाल रक्कम 30,000 रुपये आणि वर जीएसटी अशी ठरवून दिली आहे. हे आम्हाला त्या चार दिवसांत कळले. तीन पिढ्या आखातात जाणाऱ्या आमच्या भागात याची माहिती कोणाला नव्हती, याचे जास्त नवल वाटले. इथे एजंट म्हणजे कोणाचा तरी चुलत मेहुणा.

अशा प्रकरणात ‘लोक हव्यासापोटी फसतात’ असे म्हणून मोकळे होण्याची रीत आहे. वर्तमानपत्रांतून ते वाचले की आमचे डोके फिरते. 11 हजारांत लग्नाला आलेली बहीण आणि गळके घर सांभाळणाऱ्या मुलाने परदेशी पगाराची आशा धरली, हा हव्यास? चोराने त्याची निवड केली ती तो हावरा होता म्हणून केलेली नाही. तो दहा ठिकाणी अर्ज करून उत्तराची वाट पाहत होता आणि त्याला हवे होते तेच उत्तर चोराने धाडले.

याच्या उलटही घडते, म्हणजे पत्ता खरा आणि माणूस खोटा. आमच्या मोठ्या भावाचे ईमेल खाते कोणीतरी बळकावले. तो कुवेतला होता. त्याच्याच खऱ्या पत्त्यावरून घरी, मित्रांना, आम्हाला इंग्रजीत पत्र गेले: प्रवासात पाकीट चोरीला गेले आहे, अडकलो आहे, ताबडतोब पैसे पाठवा. दोघा मित्रांनी तयारीही केली. चोरी पकडली भाभीने. तिला इंग्रजी येत नाही; मुलीने पत्र वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, ‘हे त्यांचं नाही. सलाम नाही, कलमांना पाणी घातलं का ते विचारलेलं नाही, आणि पैशाचं बोलणं ते माझ्याशी कधी करत नाहीत.’ हवाई पत्रांच्या काळात माणूस ओळखायची जी सवय होती तीच कामाला आली. आता तर आवाजाचीही नक्कल होते, तेव्हा आमच्या कुटुंबात एक शब्द ठरवून ठेवला आहे. परक्या नंबरवरून कोणी अडचणीत आहे असा फोन आला तर तो शब्द विचारायचा. तो इथे छापणार नाही, हे उघड आहे.

भावाचे खाते गेले कसे? पासवर्डमुळे. आणि हा विषय निघालाच आहे तर आमच्या समाजाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या मोहल्ल्यात ज्याने कोणी सल्ला विचारायला मोबाइल पुढे केला, त्यांतल्या निम्म्यांच्या पासवर्डमध्ये 786 होता. नाव आणि 786, गावाचे नाव आणि 786, पिन चार आकड्यांचा म्हणून पुढे एक शून्य. गाडीच्या पाटीवर तो शोभतो, नोटेवर सापडला तर लोक जपून ठेवतात. पण बरकतीचा हा आकडा चोरालाही पाठ आहे. मुसलमान नाव दिसले की त्याचे यंत्र आधी तोच लावून पाहत असेल. आमच्या हिंदू मित्रांनी हसू नये. त्यांच्याकडे मुलाचे नाव आणि जन्मसाल असते.

भावाचा पासवर्ड चांगला होता, पण एकच होता. तोच ईमेलला, तोच विमान तिकिटांच्या साइटला, तोच कुठल्याशा लग्न जुळवणाऱ्या साइटला. यांतली एखादी साइट फुटली की तिथली यादी विकली जाते आणि घेणारा तोच पासवर्ड दहा कुलपांना लावून बघतो. लहान साइटच फुटतात असेही नाही. याहूची 2013 मध्ये चोरी झाली. आधी शंभर कोटी खाती म्हणाले, 2017 मध्ये कबूल केले की तीनशे कोटी, म्हणजे होती नव्हती तेवढी सगळी. ईमेलचा पासवर्ड म्हणूनच वेगळा हवा. दुसऱ्या कुठल्याही साइटचा पासवर्ड विसरलो म्हटले की नवा करायची कडी ईमेलवर येते. ज्याच्या हाती ईमेल, त्याच्या हाती घराच्या साऱ्या किल्ल्या.

पासवर्डात एक मोठे अक्षर, एक आकडा, एक चित्रविचित्र खूण असावी आणि तो वारंवार बदलावा, हा नियम ज्यांनी लिहिला ते अमेरिकेच्या मानक संस्थेतले बिल बर. 2003 साली त्यांनी तो लिहिला आणि 2017 मध्ये, निवृत्तीनंतर, आपल्याला त्याचा पस्तावा होतो असे सांगितले. लोक वैतागून शेवटी 1 च्या जागी 2 करतात, एवढेच त्यातून निघाले. त्याच साली त्या संस्थेने नियम बदलले: पासवर्ड लांब असू द्या, उगाच बदलायला लावू नका. आम्ही चार-पाच असंबद्ध शब्द सांगतो, घरच्या बोलीतले, रोमन लिपीत. भाभीने तिचे शब्द सासूच्या शिव्यांतून निवडले असा आम्हाला दाट संशय आहे. लक्षात राहत नसतील तर वहीत लिहून कपाटात ठेवा, हेही आम्ही सांगतो. शहाणे लोक यावर नाक मुरडतात. पण दूर देशात बसलेला चोर मोहल्ल्यातले कपाट उघडायला येत नाही, आणि ज्या घरात कपाटातूनच चोरी होते त्या घरचा प्रश्न संगणकाचा नाही. लिहून ठेवू नये तो बँकेचा पिन. वर मोबाइलवर येणाऱ्या आकड्याची दुहेरी पडताळणीही चालू करावी. मात्र तो आकडा कोणी फोनवर मागितला की समजावे, मागणाराच चोर.

जोडपत्रांविषयी थोडक्यात. 4 मे 2000 रोजी प्रेमपत्राच्या नावाचे एक ईमेल फिलिपिन्समधून निघाले आणि काही तासांत जगभरचे संगणक आजारी पडले. जोडलेली फाइल नावावरून साधा मजकूर वाटे. तिची खरी शेपटी विंडोज लपवत असे, आणि ती होती चालणाऱ्या प्रोग्रामची. करणारा तरुण सापडला, पण त्या देशात तेव्हा असा कायदाच नव्हता म्हणून सुटला. (आपला माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षीच्या 17 ऑक्टोबरला लागू झाला.) पुढे 2024 च्या लग्नसराईत तीच युक्ती मोबाइलवर आली: लग्नाचे निमंत्रण म्हणून व्हॉट्सॲपवर एक फाइल, शेवटी ‘डॉट एपीके’. ती उघडली की पत्रिका दिसत नाही, मोबाइलमध्ये ॲप बसते आणि बँकेचे संदेश परस्पर तिसऱ्याकडे जायला लागतात. आमच्याकडे दावत अजून घरी येऊन देतात. ती रीत टिकावी याला आता आणखी एक कारण मिळाले.

खरा अवघड प्रसंग आमच्या एका स्नेह्यांचा. एसटीतून निवृत्त झालेले, पाच वेळचे नमाजी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. 2024 मध्ये त्यांना व्हिडिओ फोन आला. समोर गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत. तुमच्या आधार क्रमांकावर परदेशातून पैसे आले आहेत, ते देशविरोधी कामाला गेले आहेत, तुम्ही आता ‘डिजिटल अटके’त आहात, फोन बंद करायचा नाही, कोणाला सांगायचे नाही. पाच तास ते खोलीचे दार लावून त्या फोनपुढे बसून होते. नातीने दार ठोठावून ठोठावून शेवटी आत येऊन फोन हिसकावला म्हणून पैसे वाचले. आम्ही भेटायला गेलो तेव्हाही त्यांचा हात थरथरत होता.

असा फोन कोणालाही घाबरवतो. पण आमच्या नावाच्या माणसाला त्यातले ते दोन-तीन शब्द ऐकू आले की तो आपण निर्दोष आहोत हे सांगायच्याही पलीकडे जातो. त्याच्या डोळ्यांपुढे वर्तमानपत्रातला फोटो येतो, मोहल्ल्याच्या नाक्यावरची कुजबूज येते, पोरीचे मोडलेले लग्न येते. चोराला हे ठाऊक असते. आणि नंतर तक्रार करायला ठाण्यावर जायचे म्हणजे त्याच शब्दांचा उच्चार आपण होऊन पोलिसांपुढे करायचा. ते गेले नाहीत. ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट कायद्यात नाही, पंतप्रधानांनीही 27 ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये हे सांगितले, असे आम्ही त्यांना सांगितले. त्यांनी मान हलवली. आम्ही पुन्हा आग्रह केला नाही. पैसे गेले असते तर मात्र 1930 या क्रमांकावर त्याच क्षणी फोन करायला लावलाच असता. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत असते, आणि ती वाटेत अडवायला पहिले काही तासच असतात.

भाच्याचे पैसेही वाचले, पण त्याने पहिल्याच दिवशी पासपोर्ट, आधार, फोटो आणि गुणपत्रिका त्या खोट्या पत्त्यावर पाठवल्या होत्या. त्या परत मागवता येत नाहीत. ठाण्यावर गेला तर ‘पैसे गेले नाहीत ना, मग तक्रार कशाची?’ असे विचारले गेले. दुसऱ्याची ओळख वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66 क कलमाखाली गुन्हा आहे, पण वापर होईपर्यंत त्याने काय दाखवावे? मग केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक जपून ठेवला. उद्या कोणी त्याच्या नावाने काही केले तर हा क्रमांक पुढे करता येईल. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते दिसते. त्याच्या नावावर तीन दिसली, त्याला ठाऊक होती दोन. तिसऱ्यापुढे ‘हा माझा नंबर नाही’ अशी खूण केली. हे असे दर दोन-तीन महिन्यांनी तो बघतो.

बहीण पुढच्या ईदला आली. त्या विषयावर ती बोलली नाही, आम्हीही बोललो नाही. 2025 मध्ये भाचा मस्कतला गेला, नोंदणी असलेल्या एजंटामार्फत. एजंटाचा नोंदणी क्रमांक त्याच्या आईने स्वतः वहीत उतरवून घेतला आणि आमच्याकडून ई-मायग्रेटवर दोनदा तपासून घेतला. मेडिकलला, तिकिटाला आणि एजंटाच्या रीतसर पावतीच्या पैशांना बांगड्या शेवटी तारण पडल्याच. अजून सोडवायच्या आहेत.